दहावीचा फॉर्म भरायच्या आधी

आमच्या कोल्हापूरकडं बायकासुद्धा "मी आलो", "मी जेवलो" असंच बोलतात. माझी आई तसंच बोलायची आणि मीही तसंच बोलते. लिहिताना हात आपोआप 'आले', 'गेले' लिहितो, पण शिलाई मशीनवर बसल्यावर कुणी विचारलं तर "या की, मापं घेतो" असंच तोंडात येतं. त्यामुळं २०२२ च्या दिवाळीत माझं तेरा वर्षांचं लेकरू "मी आले", "मी जाते" म्हणायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, टीव्ही बघून पुण्याची भाषा शिकलंय. सासूबाई हसायच्या. मला मात्र चार दिवसांत खटकलं. ते असं फक्त माझ्याशी बोलायचं. वडील आले की गप्प. भाऊबीजेच्या रात्री अंथरुणं घालताना ते मला म्हणालं, "आई, मी मुलगा नाही. मला लई दिवसांपासून माहीत आहे."

आज ती माझी लेक आहे, यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, दहावी पास झाली आणि अकरावीच्या प्रवेशाच्या मागं आहे. हे तिला वाचून दाखवून लिहितेय. तिचं, गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम गाळलंय. मधल्या अडीच वर्षांत मला सगळ्यात जास्त कमी पडला तो, कागदावर लेकीचं नाव बदलून तिला शाळेत टिकवायचं हे काम आधी केलेला एखादा माणूस. कुणाकडं जायचं, कोणता कागद आधी, लोक काय बोलतील आणि त्यातलं किती मनावर घ्यायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. माझा अनुभव २०२३ आणि २०२४ मधला आहे. नियम बदलतात, म्हणून तुम्ही अर्ज कराल तेव्हाचे नियम आधी बघून घ्या.

पहिले दोन महिने मी काहीच केलं नाही, नुसती रडले. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. त्यांना सांगितलं तर ते उठून बाहेर गेले आणि तीन आठवडे लेकीशी बोलले नाहीत. सासूबाईंचं उत्तर तयार होतं, "देवीनं धरलंय. सौंदत्तीला न्या." आमच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं फार आहे. असं मूल घरात निघालं की त्याला जोगता करायचं, देवीला सोडायचं, ही वाट म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. दुसरी वाट त्यांनी बघितलेलीच नाही, मग त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

त्यातून आम्हाला बाहेर काढलं ते दर मंगळवारी जोगवा मागायला येणाऱ्या आक्कांनी. त्या स्वतः लहानपणी सोडलेल्या. साडी, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली. सासूबाईंनी पीठ घालता घालता त्यांना सगळं सांगितलं आणि "हिला घेऊन जाशील का?" म्हणून विचारलं. आक्कांनी जग खाली ठेवला. माझ्या लेकीकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "म्हातारे, मला चौथीतनं काढलं तवा कुणी इचारलं न्हाई. माझा जग मी डोक्यावर घेतला, देवी हाय माझी, माझी तक्रार न्हाई. पर हिच्या पाठीवर दप्तर हाय, ते काढू नगंस." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण सौंदत्तीचं नाव पुन्हा निघालं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये कोल्हापुरात एका मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. नंबर मिळायला तीन आठवडे लागले, फी ६०० रुपये, एकूण पाच वेळा गेलो. दुसऱ्या खेपेला मिस्टर सुट्टी टाकून आले. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, ही गोष्ट मानसिक विकारांत धरलेलीच नाही. त्याच दरम्यान ओळखीतल्या एकानं "इंजेक्शनं देऊन मुलगा सरळ करतो" म्हणणाऱ्या माणसाचा नंबर दिला होता. तो मी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी कागद फाडला आणि सांगितलं की असं 'बदलून देण्याचं' कुणा डॉक्टरनं केलं तर ती व्यावसायिक गैरवर्तणूक धरतात, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच तसं कळवलंय. औषध, ऑपरेशन यातलं आत्ता काहीही नको, अठरा वर्षांपर्यंत तिला शिकू द्या, झोपू द्या, जेवू द्या, एवढंच ते म्हणाले. कुणाला कोल्हापूरपर्यंत जाणं जमत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता मी एकदा लावला होता. समोरच्या मुलीनं वीस मिनिटं माझं रडणं ऐकलं.

आता शाळा. जून २०२३ मध्ये ती नववीत गेली. शाळा उघडायच्या आधीच मी मुख्याध्यापक सरांना भेटले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, मला समजतंय. पण माझ्या हातात कागद नाही. उद्या संस्थेतनं फोन आला तर मी काय दाखवू?" तेव्हा मला ते टाळणं वाटलं. पुढं कळलं की ते खरंच सांगत होते.

मुलांच्या रांगेत उभं करायचे, हजेरीत जुनं नाव. केस वाढवलेत म्हणून पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर मैदानाला फेऱ्या. मागच्या बाकावरनं काय काय शब्द यायचे ते मी लिहीत नाही. एवढं मला ती सांगत होती. जे सांगत नव्हती ते मला पाण्याच्या बाटलीनं सांगितलं. रोज संध्याकाळी दप्तरातनं बाटली काढायची तर ती भरलेली. सकाळी भरून दिली तशीच, झाकणसुद्धा न फिरवलेलं. मुलांच्या मुतारीत जायला नको म्हणून पोरगी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पाणीच पीत नव्हती. ऑगस्टमध्ये लघवीला जळजळ, ताप, चार दिवस घरी. तुमचं मूल असं असेल तर आधी बाटली बघा.

त्याआधी ८ जुलैला, शनिवारी, पालकसभा झाली होती. विषय पत्रिकेत नव्हता, पण सगळे त्यासाठीच आले होते. एक गृहस्थ उठले, ओळखीचे, त्यांच्या दोन्ही पोरींचे ड्रेस मी पाचवीपासून शिवलेत. म्हणाले, "आमच्या पोरींच्या संडासात हा जाणार असंल तर आम्ही दाखले काढतो." दुसरे म्हणाले, "संसर्ग असतोय ह्याचा." एक बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घरात पुरुष माणसाचा धाक नसला की असं होतंय." मी उठले, पण आवाज फुटेना. मग कसंबसं म्हणाले, "माझ्या लेकरानं तुमच्या लेकरांचं काय केलंय ते सांगा." कुणी काही सांगितलं नाही, पण कुणी खालीही बसलं नाही. ठरलं काहीच नाही. शेवटी वर्गशिक्षिका मॅडमनी शिक्षिकांच्या टॉयलेटची एक किल्ली आपल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि लेकीला म्हणाल्या, "विचारायचं नाही, घ्यायची." पण हे सगळं लपून. ज्या दिवशी मॅडम रजेवर, त्या दिवशी बाटली भरलेली परत.

गावाचं म्हणाल तर मला ते माझ्या मशीनवर दिसलं. दर जूनला माझ्याकडं शाळेचे दीडशेच्या आसपास ड्रेस असतात. त्या वर्षी साठ. कुणी तोंडावर काही बोललं नाही. "तालुक्याला तयार मिळाले" एवढंच. भिशीतनं मला कमी केलं नाही, पण माझ्या घरी पाळी आली तेव्हा सगळ्यांनाच कामं निघाली. डेअरीवर दूध घालायला गेलं की गप्पा थांबायच्या. वाईट बोलण्यापेक्षा हे थांबणं जास्त लागतं. आणि एका रात्री, साडेनऊला, शेजारच्या गल्लीतली एक आई पदर तोंडाला लावून आली. तिला तिच्या पोराबद्दल विचारायचं होतं. सभेत ती मागच्या रांगेत गप्प बसलेली मी बघितली होती.

कागदाचं पहिल्यांदा मॅडमनीच सांगितलं. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, तो जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्यानुसार जिल्हाधिकारी ओळख प्रमाणपत्र देतात. अठराच्या आतल्या मुलासाठी आई-वडिलांनी अर्ज करायचा. वैद्यकीय तपासणीचा दाखला या पहिल्या प्रमाणपत्राला तेव्हा, २०२३ मध्ये, लागत नव्हता. त्याच कायद्यात शासनमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता शिकवायचं, हेही लिहिलंय. मॅडमनी तेवढी पानं छापून दिली. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं अशा मुलांसाठी शिक्षकांना एक पुस्तिका काढली होती, ती काही दिवसांतच संकेतस्थळावरनं काढून टाकली, हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं. "आम्हाला कुणी शिकवलंच नाही हो," म्हणाल्या.

अर्ज ऑनलाइन आहे, तृतीयपंथी व्यक्तींच्या राष्ट्रीय पोर्टलवर, आणि फुकट आहे. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. तेव्हा लागलं ते प्रतिज्ञापत्र, आधार, फोटो आणि त्या जिल्ह्यात वर्षभर राहत असल्याचा पुरावा. प्रतिज्ञापत्राचा मजकूर नियमातल्या नमुन्याप्रमाणं हवा. टायपिंग आणि नोटरी मिळून मला ३५० रुपये लागले. ६ सप्टेंबर २०२३ ला अर्ज भरला. गणपती आले, गेले. ३ ऑक्टोबरला अर्ज परत आला. चूक माझी होती. आधारवर मिस्टरांचं नाव पूर्ण आणि प्रतिज्ञापत्रात नुसतं आद्याक्षर. नोटरीकडनं उठायच्या आधी आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं तपासा, मी केलं नाही आणि महिना घालवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं कोल्हापूरला निघालो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. लेकीनं कुर्ता घातला होता, केस खांद्यापर्यंत आले होते. कंडक्टरनं आमच्याकडं एकदा बघितलं, "कोल्हापूर? दोन महिला?" म्हणाला आणि दोन अर्धी तिकिटं फाडून पुढं गेला. लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला मनात भीती होती, चेकर आला तर काय दाखवायचं? तिच्याजवळ तर जुनं आधार. पण कंडक्टरला मागं बोलवून 'तसं नाही हो' म्हणणं माझ्यानं झालं नाही. चुकलं असेल तर चुकलं. ते तिकीट अजून तिच्या कंपासपेटीत आहे, शाई उडून कोरं झालंय.

विचारेमाळला सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणचं कार्यालय आहे, तिथं एका बाईंनी काय दुरुस्त करायचं ते समजावून सांगितलं. लेकीला त्यांनी तिनं निवडलेल्या नावानं हाक मारली. अर्जावर वाचलं होतं त्यांनी. येताना दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ आम्ही दोघी भेळ घेऊन बसलो. या संस्थानात महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आमच्याकडं दर २६ जूनला शाळेत भाषणात असतं. ते भाषण माझ्या लेकीनं पाचवीत केलं होतं, पाठ होतं तिला. तिथं बसल्या बसल्या तिनं मला सगळं म्हणून दाखवलं.

५ ऑक्टोबरला पुन्हा अर्ज. नियमात तीस दिवस होते, २ नोव्हेंबरला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पोर्टलवर आलं. डाऊनलोड केलं, रंगीत प्रिंट २० रुपये. त्यावर 'स्त्री' लिहून येत नाही, 'ट्रान्सजेंडर' येतं. स्त्री किंवा पुरुष लिहून हवं असेल तर कायद्यात त्याचं वेगळं कलम आहे आणि त्याला वैद्यकीय दाखला लागतो. हे मी तिला आधी नीट सांगायला हवं होतं. प्रिंट हातात आल्यावर ती आधी नाव बघून हसली आणि मग तो शब्द बघून गप्प झाली. म्हणाली, "ठीक आहे. नाव तर माझं आहे." नाव तिनं सासूबाईंच्या आईचं घेतलंय. सासूबाईंनी ते कागदावर दोनदा वाचून घेतलं, मग नणंदेला फोन लावला, "आत्या हाईस तू, कानात सांगायला ये." आणि ती आली.

मुख्याध्यापक सरांना प्रत दिली तेव्हा त्यांनी ती टेबलाच्या काचेखाली सरकवली, समोर बसलेल्याला दिसेल अशी. त्या दिवसानंतर किल्ली लपवून ठेवावी लागली नाही. संस्थेतनं कुणी आलं तर सर बोट ठेवायचे, "जिल्हाधिकाऱ्यांचं आहे." ज्यांना विरोधच करायचा होता त्यांचं मत कागदानं बदललं नाही. पण ज्यांना आमच्या बाजूनं उभं राहायचं होतं आणि भीती वाटत होती, त्यांना पाय टेकायला जागा मिळाली. कागद मिळवायचा तो मुख्यतः या माणसांसाठी.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिचा ड्रेस शिवला. आमच्या शाळेत नववीपासून मुलींना निळा कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. वीस वर्षांत असे किती शिवले त्याची गणती नाही, पण या एका ड्रेसची बाही मी तीनदा उसवली. ती शेजारी बसून दोरे काढत होती. म्हणाली, "आई, खिसा ठेव." मी म्हटलं, मुलींच्या ड्रेसला खिसा नसतो गं. "का? पँटीला होता की." मग उजव्या बाजूला शिवणीत खिसा घातला. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ती तो ड्रेस घालून गेली आणि मी दिवसभर दारात. संध्याकाळी आली ती एक मैत्रीण बरोबर घेऊन. त्या मुलीच्या हातात तिचा ड्रेस. "काकू, मला पण खिसा लावून द्याल का?" सभेत दाखला काढतो म्हणणाऱ्यांची धाकटी मुलगी होती ती. डिसेंबरपर्यंत नऊ जणींना खिसे लावले. पैसे घेतले नाहीत.

आता ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागला ते शाळेच्या रजिस्टरचं काम. नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घ्यावं लागतं, तो अर्ज ऑनलाइन असतो. डिसेंबरात केला, जानेवारी २०२४ मध्ये छापून आलं. ते पान जपून ठेवा, रंगीत प्रती काढून ठेवा. फेब्रुवारीत आधार बदलून घेतलं, ५० रुपये. मग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती. ही दुरुस्ती मुख्याध्यापक स्वतःच्या सहीनं करू शकत नाहीत. शाळेनं प्रस्ताव करून जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायचा आणि मंजुरी आली की लाल शाईनं नोंद. मूल शाळेत शिकत असतानाच हे करून घ्यायचं. शाळा सुटल्यावर फार अवघड होतं. प्रस्ताव फेब्रुवारीत गेला आणि मार्चमध्ये परत आला, कारण शाळेनं रजिस्टरचा उतारा जोडलाच नव्हता. क्लार्क भाऊसाहेबांना मी चार वेळा विचारलं होतं, चार वेळा "जोडलाय" म्हणाले होते. प्रस्तावाचं पाकीट बंद होताना तिथं उभं राहा, पानं स्वतः मोजा. मग लोकसभेची आचारसंहिता, ७ मेला आमच्याकडं मतदान, अर्धे शिक्षक निवडणुकीच्या कामावर. मग सुट्टी. जुलैअखेर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या वर गेली आणि आमचा रस्ताच आठ दिवस बंद. मी दर सोमवारी फक्त एवढंच विचारायची, "आवक क्रमांक काय पडला?" हा क्रमांक मिळवा. तो नसेल तर फाइल कुठं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. २९ ऑगस्टला मंजुरीचं पत्र आलं.

घाई होती ती दहावीच्या फॉर्मची. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोर्डाचे फॉर्म शाळेतनं ऑनलाइन भरले, रजिस्टरला असेल तेच नाव जातं आणि मग तेच गुणपत्रिकेवर जन्मभर. मंजुरीला अजून दोन महिने लागले असते तर पुढं सगळं बोर्डाकडं वेगळं करावं लागलं असतं. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, मूल आठवी-नववीत असतानाच सुरू करा. फॉर्म भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते, ती पालकांनी स्वतः बघावी. आमच्या प्री-लिस्टमध्ये नाव बरोबर होतं पण आईच्या नावात काना चुकला होता. जन्मदाखल्यातली दुरुस्ती अजून राहिलीय, ते यंदा करायचंय.

गाव सगळं बदललं असं नाही. दीडशे ड्रेस परत आले नाहीत, गेल्या जूनला पंच्याण्णव झाले. ज्या बाईंनी धाकाचं म्हटलं होतं त्या अजून बोलत नाहीत. संक्रांतीला मात्र हळदीकुंकवाचं बोलावणं माझ्यासह तिलाही आलं, एकाच घरातनं. तिनं वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची डबी कपाटात ठेवलीय.

जानेवारीत हॉल तिकीट आलं. २१ फेब्रुवारीला पहिला पेपर, मराठीचा. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. मिस्टरांनी रात्रपाळी मागून घेतली आणि रोज गाडीवरनं सोडलं. मुख्याध्यापक सरांनी केंद्रसंचालकांना आधीच फोन करून टॉयलेटचं सांगून ठेवलं होतं. हे मला परीक्षा झाल्यावर कळलं.

१७ मार्चला शेवटचा, भूगोलाचा पेपर. दुपारी मी मशीनवर होते, कुणाचा तरी ब्लाऊज होता. फाटक वाजलं, चपला भिरकावल्याचा आवाज आला. गेली अडीच वर्षं ती दारातनं हळू आवाजात, प्रत्येक शब्द सांभाळून "मी आले" म्हणायची. त्या दिवशी अंगणातनंच ओरडली, गल्लीतल्या सगळ्या पोरी ओरडतात तशी, "आई, आलो गं मी! भाकरी हाय काय?"

मी पाय उचलला. मशीन थांबलं.